दोन फिरती घरं आणि आईंची पसंती

कराडहून आम्ही बदलापूरला निघालो तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कोणाचं लग्न आहे?" लग्न नाही, जुनी गाडी बघायला चाललोय, असं सांगितल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले. "कराडातल्या गाड्या संपल्या का?"

"गाडी नाही हो, घर आहे. चाकांवरचं," शिरीष म्हणाला. शिरीष हा माझा नवरा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला मोटारहोमचं वेड लागलं आहे. म्हणजे ज्यात निजायचं, रांधायचं, आंघोळ करायची आणि वर प्रवासही करायचा, अशी छोटी बसगाडी. नवी घेणं आमच्या आवाक्याबाहेर, म्हणून तो जुन्या शोधत होता. ही हौस आपली एकट्याची आहे, असं त्याला वाटत होतं. मी वाटू दिलं. नवऱ्याच्या हौसेला बायकोने आतून धक्का दिला की गाडी लवकर सुटते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

माझं कारण वेगळं होतं. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पावसाळ्यापासून माझ्या नणंदेकडे बदलापूरला, खरवईत राहत होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना आम्हीच मोटारीने सोडलं होतं. त्या प्रवासात घाटात वाहनं अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या. आईंना दर तासाला जावं लागतं, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, आणि तिथे तर उतरायलाही जागा नव्हती. जे व्हायला नको होतं ते झालं. खरवईला पोचल्यावर मी ते लुगडं ताबडतोब धुतलं आणि सगळ्यांना सांगितलं की चहा सांडला. शिरीषलाही तेच सांगितलं. खरं काय ते आम्हां दोघींनाच ठाऊक होतं, आणि दोघीही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

ऑपरेशन उत्तम झालं, पण आई परत यायचं नाव घेईनात. "इथे बरं आहे. लिफ्ट आहे," म्हणायच्या. परतीचा विषय निघाला की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. देवरुखला त्यांची धाकटी बहीण असते, मंदामावशी. तिला भेटायला जाणं तर कधीच बंद पडलं होतं. मावशींना रक्तदाब, आईंना गुडघे, त्यामुळे बहिणींची माया दर रविवारी फोनवर उतू जायची. मला आईंना घरी आणायचं होतं, आणि पुन्हा तशी पाळी त्यांच्यावर येऊ द्यायची नव्हती. त्यासाठी ज्यात त्या आपल्या आपण उठून जाऊ शकतील अशी गाडी हवी होती. शिरीष इंजिन बघणार होता, मी संडास बघणार होते.

अशा दोन छोट्या जुन्या गाड्या विकाऊ असल्याचं मोबाइलवर दिसलं. एक उल्हासनगरला, दुसरी अंबरनाथला, दोन्ही खरवईपासून रिक्षाच्या अंतरावर. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. इथे तर डोळेही नुकतेच नीट झाले होते.

खरवईत नणंदेच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून समोर तिच्याच इमारतीसारख्या सहा इमारती दिसतात आणि त्यांच्या फटीतून कापणी झालेलं एक भातशेत. आई त्या शेताकडे तोंड करून बसल्या होत्या. आम्हाला बघून चेहरा उजळला, पण गाडीचं काढताच तो लगेच सावध झाला.

"मला कशाला नेता? मला काय त्यातलं कळतंय?"

"झोपायची जागा तुम्हीच बघायची, आई. आम्हाला काय, कुठेही झोप येते," मी म्हटलं.

त्या तयार झाल्या. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला. प्रवासाला निघायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी बंद, हा आमच्या बायकांचा जुना नेम आहे. पुरुषांना तो दिसत नाही, आणि बायका एकमेकींना तो बोलून दाखवत नाहीत.

उल्हासनगरला पोचेपर्यंत साडेनऊ झाले होते. पहिल्यांदा येणाऱ्याला हे गाव म्हणजे एकच न संपणारं दुकान वाटतं. खाली दुकान, वर कारखाना, त्याच्यावर बिऱ्हाड. रिक्षावाल्याने आम्हाला फर्निचरच्या बाजारात सोडलं. तिथे फुटपाथवर पलंग, पलंगावर टेबल आणि टेबलावर खुर्च्या अशी रचना होती, आणि चालायला रस्ता उरला होता तेवढ्यातून हातगाड्या जात होत्या. गाडीचे मालक गोपभाई दुकानाच्या दारातच उभे होते. साठीचे, गोरेपान, शर्टाच्या खिशात मोजपट्टी.

"या या, साईं! अदी (सिंधीत बहीण), या! अम्मा, आरामसे. पहले नाश्ता, मग गाडी. रिकाम्या पोटी माल बघायचा नाही, सगळाच चांगला वाटतो."

नाश्त्याला दाल पकवान आलं. पकवान म्हणजे तळहाताहून मोठी, खुसखुशीत, जिरं-मिरी घातलेली पुरी, आणि तिच्यासोबत हरभऱ्याची घट्ट डाळ, वर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. शिरीषने दुसरं मागितलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. मागून भाजलेला पापड आणि पाण्याचे ग्लास आले. सिंध्यांकडे पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात, ही रीत मला फार आवडली. आईंनी पापड खाल्ला आणि ग्लास हळूच माझ्याकडे सरकवला.

मग गाडी. दुकानामागच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी होती. गोपभाईंनी ताडपत्री ओढली, सरकतं दार उघडलं, आतले दिवे लावले आणि मी तिथल्या तिथे प्रेमात पडले. मरून मखमलीचा सोफा, तो ओढला की पलंग. लाकडी पोताच्या सनमायकाची कपाटं, पितळी मुठी, छताला नक्षी, आरसा असा की नवरीला बसवून सजवावं. खाली गालिचा. केबिन आणि खोली यांच्यामध्ये झालरीचा पडदा. मी सगळे खण उघडून बघितले. एकाही कडेचा टवका उडालेला नव्हता, एकही बिजागरी कुरकुरत नव्हती.

"हात लावून बघा ना, अदी. मरीन प्लाय आहे. पाण्यात बुडवला तरी फुगणार नाही. मुलींसाठी बनवली होती, नाथद्वारा, हरिद्वार, सगळीकडे फिरवली. आता मुली विमानाने जातात," गोपभाई म्हणाले. हे सांगताना ते गाडीच्या दाराची चौकट बोटाने पुसत होते.

शिरीष गाडीखाली शिरला आणि खूश होऊन बाहेर आला. गंज नव्हता. जड होती एवढंच. मी माझा प्रश्न विचारला. संडास कुठे आहे?

गोपभाईंनी आम्हाला गाडीला वळसा घालून मागे नेलं. मागचं दार उघडल्यावर आत एक स्वतंत्र कोठडी होती. स्वच्छ पांढरं कमोड, पितळी कठडा, छोटं बेसिन, आणि कोपऱ्यात संडासात घालायच्या वेगळ्या रबरी चपला. आतल्या खोलीतून तिथे जायला वाट नव्हती. उतरायचं, चालत मागे यायचं, स्टुलावर चढून आत जायचं.

"आतून दार का नाही ठेवलं?" मी विचारलं.

गोपभाईंनी कानांच्या पाळ्यांना हात लावला. "अदी, जिथे अन्न शिजतं तिथे? आमच्या माताजी म्हणाल्या असत्या, गोपू, तू गाडी बनवलीस की पाप केलंस?"

आणि माझी सगळी आशा जिच्यावर होती त्या आईंनी जोरात मान हलवली. "अगदी बरोबर केलंत हो. संडास बाहेरच हवा."

दुपारी आम्ही अंबरनाथला गेलो. गाडी शिवमंदिराच्या भागात होती, म्हणून आधी दर्शन घेतलं. काळसर दगडाच्या त्या जुन्या देवळात गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आईंनी मंडपातूनच हात जोडले. "तो वर येत नाही, मी खाली जात नाही. आमचं ठरलेलं आहे," त्या म्हणाल्या. बाहेर बेलाची पानं विकणाऱ्या बाईने त्यांना बसायला आपला पाट दिला आणि गुडघ्यांना कोणतं तेल लावता याची चौकशी केली. तेवढ्यात शिरीष दोघींसाठी शहाळी घेऊन आला. आईंनी आपलं त्या बाईला दिलं.

लेले काकांची सोसायटी तिथून जवळच. काका इथल्याच एका कारखान्यात अधिकारी होते. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या हातांनी गाडी आतून बांधली होती. सोसायटीच्या आवारात ती अशी आडवी उभी होती की तिच्यामागे दोन स्कूटर कोंडल्या होत्या आणि एक गृहस्थ हेल्मेट घालून कोणीतरी येण्याची वाट बघत होते.

"लेले, काढताय ना? मला पण पोटापाण्याला जायचंय," ते म्हणाले.

"आत्ता काढतो. पाहुणे आलेत, पाचच मिनिटं," काका म्हणाले आणि आमच्याकडे वळून थोडेसे लाजले. "तोंड पूर्वेला करूनच उभी करावी लागते हो. आमच्या हिचा आग्रह."

लेले काकू वास्तुशास्त्र मानणाऱ्या. काकांनी गाडी बांधायला घेतली तेव्हा काकूंनी अट घातली की घर म्हणताय तर घराचे नियम लागू. गाडीचं तोंड पूर्वेला धरून सगळी आखणी झाली. आग्नेयेला, म्हणजे चालकाच्या बरोबर मागे, शेगडी. ईशान्येला, दारापाशी, पाण्याची टाकी आणि तिच्यावर बोटभर देव्हारा. नैर्ऋत्येला पलंग, आणि वायव्येला संडास. डॅशबोर्डवर होकायंत्र बसवलेलं होतं.

"पण काकू, गाडी वळली की सगळ्या दिशा फिरणार," शिरीष म्हणाला.

"चालताना दोष लागत नाही. थांबल्यावर लागतो," काकू शांतपणे म्हणाल्या.

दिसायला ही गाडी म्हणजे कारखान्याची कँटीन. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेट, करडा रंग, गाद्यांना रेक्झिन. प्रत्येक वस्तूवर काकांनी रंगाने सूचना लिहिलेल्या. "प्रथम झडप बंद करा." "खण ओढण्यापूर्वी उचला." पण खण उचलल्याशिवाय उघडत नव्हते, म्हणजे वळणावर बाहेर येणार नव्हते. काकांनी मला गाडी हलवून बघायला सांगितलं. मी दाराला धरून हिसके दिले, आत एक चमचादेखील वाजला नाही. दाराला घडीची पायरी होती, ती जमिनीपासून वीतभर उंचीवर येत होती. आणि पलंगावरून उठून समोरच्या गजाला हात घातला की दुसरं पाऊल थेट संडासात. दार आतल्या बाजूला. उतरणं नाही, चालणं नाही, कोणाला सांगणं नाही. काकूंच्या वास्तुशास्त्राने नेमकं ते केलं होतं जे मला हवं होतं.

मी आईंकडे बघितलं. आई शेगडीकडे बघत होत्या. मग संडासाच्या दाराकडे. मग पुन्हा शेगडीकडे.

"एकाच खोलीत?" त्या म्हणाल्या.

"आई, मध्ये पलंग आहे, पक्कं दार आहे."

"असू दे. शिजवायचं तिथे, आणि... शी! मला नाही घास उतरायचा. ती उल्हासनगरचीच घ्या."

परतीच्या रिक्षात शिरीष मखमलीच्या गाडीचं गुणगान करत होता. मलाही तीच आवडली होती, ते खोटं कशाला सांगू. पण स्टुलावर चढणाऱ्या आई मला डोळ्यांसमोर दिसत होत्या, पावसात, घाटात, चार माणसांच्या देखत. चिडचिड झाली. ज्या बाईच्या भल्यासाठी एवढं करायचं, तिचंच मत आपल्या विरुद्ध. खरवईला आल्यावर मी सगळ्यांच्या पोळ्या जरा जास्तच जोरात लाटल्या.

दुसऱ्या दिवशी गोपभाई स्वतः गाडी घेऊन खरवईला आले. बारवी धरणाच्या रस्त्याने चक्कर मारायची, म्हणजे खाचखळग्यात गाडी कशी वागते ते कळेल, असं ठरलं. आईंनी दारात चपला काढल्या आणि त्या गालिच्यावरून आत जाऊन बसल्या. गाव मागे पडलं तसे डोंगर जवळ आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग, मधूनच कुडाची घरं, अंगणात वाळत घातलेला भात. हवेत थंडी होती आणि उन्हात बसावंसं वाटत होतं. एका वळणावर झाडाखाली आम्ही थांबलो, कारण आईंनी माझा पदर ओढला होता.

मी त्यांना तशाच अनवाणी मागे नेलं. स्टूल ठेवलं, एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने त्यांनी पितळी कठडा. चढताना त्यांना धाप लागली. आत जाऊन त्यांनी रबरी चपला घातल्या, मी दार लोटलं. "झालं की हाक मारा," मी म्हटलं. मी तिथे उभी राहिले तर त्यांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून थोडी पुढे गेले. तिथे एक बाई उकडलेले करांदे (जंगलात मिळणारा कडसर कंद) विकत बसली होती.

"ताजंच हायेत, सकाळीच उकरल्यात. मीठ लावून खा, मावशी," ती म्हणाली. तिच्याशी बोलण्यात माझा थोडा वेळ गेला. परत आले तर शिरीषने स्टूल उचलून केबिनमध्ये ठेवलेलं होतं, झालरीचा पडदा ओढलेला होता, आणि सरकत्या दाराशी आईंच्या चपला नीट जोडीने ठेवलेल्या होत्या.

"अम्मा आल्या आत. लेटल्या असतील," गोपभाई कुजबुजले. त्यांनीही चपलाच बघितल्या होत्या. आपल्याकडे दाराशी चपला म्हणजे माणूस घरात, यात शंका घ्यायची पद्धत नाही. मीही घेतली नाही. त्यांची झोप मोडू नये म्हणून आम्ही तिघंही पुढे केबिनमध्येच बसलो. निघण्यापूर्वी गोपभाईंनी रोजच्या शिस्तीने गाडीला फेरी मारली, चाकांवर बुक्क्या मारल्या आणि मागचं दार वाटेत उघडू नये म्हणून त्याची बाहेरची कडी घातली.

शिरीषने गाडी सोडली. गोपभाईंनी जुनी गाणी लावली. दोन खड्डे गेल्यावर शिरीषने कान टवकारले.

"मागे काहीतरी वाजतंय."

"शक्यच नाही, साईं."

"ठक ठक येतंय. फळी ढिली झालीय कुठेतरी."

"माझ्या गाडीत फळी ढिली?" गोपभाई दुखावले. "पैज लावा! चाकात दगड अडकला असेल."

मीही लक्ष देऊन ऐकलं आणि गंभीरपणे मत दिलं की आवाज लाकडाचा आहे आणि तो खड्ड्यानंतर वाढतो. आम्ही तिघं त्या आवाजाची चिकित्सा करत चाललो असताना एक मोटारसायकलवाला शेजारी आला आणि हात हलवून ओरडायला लागला. शिरीषने काच खाली केली.

"ओ डायवर! मांगच्या डब्यान म्हातारी हाय कोनतरी! बोंबलतंय कवाची!"

गाडी थांबायच्या आत मी उडी मारली. मागे धावले, कडी काढली, दार उघडलं. आई कमोडच्या झाकणावर बसल्या होत्या. एका हाताने पितळी कठडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात एक रबरी चप्पल, जिने त्या भिंत बडवत होत्या. पदर खोचलेला, केस सुटलेले. मागून शिरीष आला, गोपभाई आले, मोटारसायकलवालाही उतरून आला. गोपभाईंनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"अम्मा, मला मारा. ती चप्पल माझ्या डोक्यात मारा."

आईंनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आता ही बाई आयुष्यात पुन्हा कुठल्या गाडीत बसणार नाही. सगळं माझ्यामुळे झालं असं वाटून मला रडू यायला लागलं. मग आईंनी चप्पल खाली ठेवली, एकदा भिंतींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बांधकाम मात्र पक्कं आहे हो तुमचं. इतकी बडवली, पण एक खिळा हलला नाही."

आणि त्या हसायला लागल्या. आधी पदराआड, मग उघड, मग बोलता येईना इतक्या. मी हसायला लागले, शिरीष हसायला लागला. मोटारसायकलवाला सांगत होता, "आजे, मला वाटला कोनी पलवून चाललंय तुला," आणि आई म्हणत होत्या, "मला पळवून कोण फुकट खाऊ घालील रे?" भर रस्त्यात, चार माणसांच्या देखत, संडासाच्या दारात बसून त्या हसत होत्या. महिनोन्‌महिने जी गोष्ट त्यांनी कोंडून ठेवली होती तिच्याहून वाईट पाळी त्यांच्यावर सगळ्यांसमोर येऊन गेली होती आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. हे मला तिथल्या तिथे कळलं. करांदे आम्ही तिथेच उभ्याने खाल्ले. कडसर होते, पण मिठाबरोबर चांगले लागले.

खरवईला परत येताना आई खोलीत माझ्याजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "विद्या, त्या लेल्यांच्याकडे चला उद्या."

"आणि शेगडी?"

"ती काढा की बाहेर. माणूस घराबाहेर शिजवू शकतो. दुसरं बाहेर किती वेळा करणार?"

अंबरनाथला दुसऱ्या दिवशी खरी अडचण काकूंची झाली. गाडी आम्ही घेत होतो तरी त्यांना आग्नेय रिकामी ठेवणं बघवेना. "अग्नीची जागा आहे ती. मोकळी कशी सोडायची?" दोन्ही बायका आपापल्या शास्त्रावर ठाम उभ्या राहिल्या. काका पक्कड हातात धरून निकालाची वाट बघत होते. शेवटी आईच म्हणाल्या, "तिथे आपण चहाचा थर्मास ठेवू. तोही गरमच असतो." काकूंनी डोळे मिटून विचार केला आणि चालेल म्हणाल्या. काकांनी संध्याकाळपर्यंत गाडीला उजव्या अंगाने बाहेरून घडीची फळी बसवली, शेगडी तिच्यावर आली. तिच्यावर लिहिलं: "वारा पाहून पेटवा."

गोपभाईंना नाही म्हणायला मला जड गेलं. ते फोनवर एवढंच म्हणाले, "अम्मांना चढायला कठडा आहे का तिकडे?" कठडा नव्हता, साधा गज होता. तासाभरात ते पापडाचा पुडा आणि आपल्या गाडीतला पितळी कठडा घेऊन अंबरनाथला हजर झाले. तो स्क्रूने बसवायचा की रिव्हेटने, यावर त्यांचं आणि लेले काकांचं असं जुंपलं की हेल्मेटवाले गृहस्थही मत द्यायला खाली आले. अखेर दोन्ही लावलं. त्या करड्या गाडीत तेवढा एक कठडा सोन्यासारखा दिसतो. माझं मखमलीचं दुःख मी त्याच्यावर हात फिरवून भागवते.

निघायच्या दिवशी नणंदेने डोळे पुसले आणि आईंनी तिलाच धीर दिला. कर्जत, खोपोली करत आम्ही घाटाला लागलो. घाटात वाहनं अडकली होती, ती काय आमच्यासाठी मोकळी होणार होती? मी आईंकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले. मागे दाराचा आवाज आला, थोड्या वेळाने पाण्याचा, मग पुन्हा दाराचा. आई पलंगावर येऊन बसल्या आणि त्यांनी शिरीषला विचारलं, "तो समोरचा ट्रक कुठला रे, नंबर दिसतो मला इथून." साताऱ्याच्या अलीकडे झाडाखाली थांबून मी बाहेरच्या शेगडीवर पिठलं केलं. शेजारच्या ट्रकवाल्याने भाकरी दिली आणि गाडी कितीला पडते ते विचारलं. आम्ही मीठ विसरलो होतो, तेही त्यानेच दिलं.

कराडला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वहिनी फाटकापाशीच होत्या. शिरीषने गाडी दारात लावली, मी पर्समधून घराची किल्ली काढली. आई मात्र उतरेनात. पलंगावर पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आधी मंदाला फोन लाव." आवाज मोठा करून मी फोन त्यांच्या हातात दिला.

"मंदे, घरी आले गं. आणि ऐक, तुला एक सांगायचंय. गुडघ्यांचं मी खोटं कारण सांगत होते." आणि त्यांनी सगळं सांगितलं. दर तासाला लागणारं, पाणी न पिणं, त्या घाटातलं, लुगडं, चहा सांडला म्हणून मी मारलेली थाप. शिरीष स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होता. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, मग आईंकडे, आणि रुमाल काढला.

"अगं माझे बाई," मावशी म्हणाल्या. "मग मला तरी कुठे रक्तदाब आहे?"

दोन बहिणी एकमेकींचं ऐकत होत्या. मावशी आमच्या मुलीच्या लग्नाला आल्या नव्हत्या, आई त्यांच्या पंचाहत्तरीला गेल्या नव्हत्या. दोघीही त्यावरून रुसून बसल्या होत्या, आणि कारण दोघींचं एकच होतं.

"एवढ्याशा गोष्टीसाठी गं?" मावशी म्हणाल्या.

"एवढीशी नव्हती. सांगितली म्हणून एवढीशी झाली," आई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि पुढे वाकून शिरीषच्या खांद्यावर हात ठेवला. "डिझेल आहे का रे देवरुखपर्यंत?"

"आई, अहो आधी घरात तर चला! किती महिन्यांनी आलात," मी म्हटलं.

"घर कुठे पळून जातंय?" त्या म्हणाल्या. मी किल्ली परत पर्समध्ये टाकली.